फॉन्ट निवडण्याआधी गणपत कृष्णाजींना भेटा

वाढदिवसाचा स्टेटस, हळदीचं निमंत्रण, गणेश मंडळाचा बॅनर. अशा ठिकाणी आपण पुस्तकी, ताठ फॉन्ट टाळतो आणि हातानं काढल्यासारखा, जरा गोलमटोल फॉन्ट शोधतो. ‘कलम’, ‘बालू’, ‘मोदक’ हे असेच मोफत मिळणारे देवनागरी फॉन्ट. बऱ्याच जणांना ही नुसती गंमत वाटते. पण मराठी माणसाचा छापील कागदावर विश्वास बसला, त्यात हाताच्या अक्षराचा वाटा फार मोठा आहे. त्यासाठी मुंबईच्या गणपत कृष्णाजींची गोष्ट माहीत हवी.

छापलेलं नको, असा काळ

गणपत कृष्णाजी भंडारी समाजातले. त्यांच्या तरुणपणी मुंबईत मराठी छपाई होत होती, पण ती मुख्यतः अमेरिकन मिशनसारख्या परक्या लोकांच्या हातात. तिथून बाहेर पडायची ती बहुतेक ख्रिस्ती धर्माची पुस्तकं. आपली पोथी, आपलं पंचांग मात्र हातानं लिहूनच घरोघर जायचं. मिशनची छपाई पाहून गणपतरावांना वाटलं, हेच तंत्र आपल्या पुस्तकांसाठी का नको?

इच्छा होती, पण यंत्र कुठून आणणार? त्यांनी लाकडी छापयंत्र स्वतःच तयार केलं, छपाईला चालेल असा दगड शोधला आणि शाईचे प्रयोग सुरू केले.

शिळाछाप म्हणजे काय?

बव्हेरियात सेनेफेल्डरनं 1796 च्या सुमारास ही पद्धत शोधली. गुळगुळीत चुनखडी दगडावर तेलकट शाईनं मजकूर उमटवायचा. मग दगड ओला करायचा. कोऱ्या जागेवर पाणी टिकतं, तेलकट रेघांवर टिकत नाही. आता शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेघांना धरते. वर कागद ठेवून दाब दिला की झाली छपाई.

यात शिशाचे खिळे लागतच नाहीत. देवनागरीसाठी काना, मात्रा, उकार, जोडाक्षरं धरून शेकडो खिळे पाडावे लागतात. ते काम खर्चाचं आणि वेळखाऊ. शिळाछापात माणसानं लिहिलेलं अक्षर जसंच्या तसं कागदावर येतं. वाचणाऱ्याला पोथीचीच सवय होती, त्यामुळे हे अक्षर त्याला ओळखीचं वाटलं असणार.

शाईत तूप

1831 मध्ये गणपतरावांनी मराठी पंचांग छापलं. पहिलं छापील मराठी पंचांग ते हेच. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं जानेवारी 1832 मध्ये, म्हणजे पंचांग त्याच्याही आधीचं.

पण छापून झालं म्हणजे लोक घेतीलच असं नव्हतं. शाईत जनावराची चरबी असते, मग तो कागद देवघरात कसा चालेल, हा सोवळ्या घरांतला मोठा प्रश्न होता. गणपतरावांनी लोकांना वेड्यात काढलं नाही. त्यांनी चरबीऐवजी तूप वापरून शाई केली. छपाईला स्निग्ध पदार्थ हवाच होता, आणि तुपाला कोणाची हरकत नव्हती.

पुढे 1840 च्या दशकात त्यांनी खिळेही तयार केले आणि त्यावर पुस्तकं छापली. 1860 मध्ये ते गेले. नऊ वर्षांनी, 1869 मध्ये, जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला आणि सुबक देवनागरी खिळ्यांसाठी तो देशभर नावाजला. पण त्याआधी लोकांना छापील मराठी घरात घ्यायला लावलं, ते गणपतरावांसारख्यांनी.

आपल्या मोबाईलशी याचा काय संबंध?

मी चौसाळ्यात मोबाईलवरच पत्रिका आणि बॅनर बनवून देतो. जुनी माणसं पत्रिका हातात घेतली की आधी अक्षर न्याहाळतात, मजकूर नंतर. जोडाक्षर फुटलेलं दिसलं की त्यांचा चेहराच सांगतो. म्हणून नवा फॉन्ट घेतला की मी त्यात आधी तीन गोष्टी टाइप करून बघतो. तुम्हीही बघा.

1. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’. पहिला शब्द स्वयंपाक करणाऱ्यांसाठी, दुसरा विद्वानांसाठी. ‘ऱ्या’ची अर्धचंद्र रेघ आणि ‘र्या’चा रफार वेगळे दिसले नाहीत, तर आभाराच्या ओळीत घोटाळा ठरलेला.
2. ‘ल’ आणि ‘श’. मराठीत यांचं वळण हिंदीपेक्षा वेगळं आहे. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि भाषा मराठी निवडली की मराठी वळण येतं. ते येतंय का बघा.
3. ‘त्र्यंबकेश्वर’, ‘लक्ष्मी’, ‘ज्ञानेश्वर’. जोडाक्षराच्या मध्येच पाय मोडलेला दिसला, तर तो फॉन्ट किंवा ते ॲप मराठीसाठी अजून तयार नाही.

फॉन्ट कितीही वाकडातिकडा, खेळकर असू द्या. हाताच्या अक्षराला तेवढी मोकळीक असतेच. पण वाचणाऱ्याला ते आपलं अक्षर वाटलं पाहिजे. गणपतरावांनी त्यासाठी शाई बदलली. आपल्याला फक्त फॉन्ट बदलायचा आहे, आणि तो फुकट मिळतो.