समुद्राचे पहारेकरी : सरखेल कान्होजी आंग्रे

वऱ्हाडांत कान्होजी हें नांव काढलें कीं जाणत्या माणसांस सेनासाहेबसुभा कान्होजी भोसले आठवतात. त्याच काळांत दुसरे एक कान्होजी कोंकणच्या किनाऱ्यावर होऊन गेले. आज त्यांचें चरित्र सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. अमरावती-अकोल्याकडील आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांनीं समुद्र पाहिलेला नाहीं. पूर्णेला महापूर आला म्हणजे जें पाणी दिसतें, त्यावरूनच ते समुद्राची कल्पना करितात. म्हणून आरंभीं एवढें सांगणें अवश्य आहे कीं, गांवाचा पहारेकरी वेशींत उभा राहूं शकतो, पण समुद्राला वेस नाहीं. तेथील पहारा फिरत्या गलबतांतून करावा लागतो, आणि पहारेकऱ्यास तोफेइतकीच वारा, भरती-ओहोटी व पाण्याखालचे खडक यांची माहिती असावी लागते. हल्लीं भारताच्या किनाऱ्यावर हें काम १९७८ सालीं कायद्यानें स्थापन झालेलें तटरक्षक दल करितें. कान्होजींनीं तें आपल्या ऐन तारुण्यांत हातीं घेतलें व मरेपर्यंत सोडलें नाहीं.

त्यांचा जन्म सुमारें १६६९ सालीं झाला. घराण्याचें मूळ आडनांव संकपाळ. आंगरवाडी या ठिकाणावरून आंग्रे हें नांव पडलें. वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या आरमारांत चाकरीस होते, आणि हर्णैसमोरील सुवर्णदुर्ग या जलदुर्गाशीं या पितापुत्रांचा निकट संबंध होता. १६८९ सालीं संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड मोंगलांनीं घेतला, राजाराम महाराज दूर जिंजीस गेले. किनाऱ्याला कोणी वाली उरला नाहीं. जंजिऱ्याच्या सिद्दीनें ही संधि साधून मराठ्यांच्या किल्ल्यांवर हात टाकण्यास आरंभ केला.

याच धामधुमींतील एक गोष्ट परंपरेनें चालत आली आहे. सुवर्णदुर्गाचा किल्लेदार सिद्दीस फितूर झाला होता. विशींतील कान्होजींस तें कळतांच त्यांनीं सोबत्यांना एक करून किल्लेदारास कैद केलें व किल्ला आपण लढविला. पुढें एका चढाईंत ते शत्रूच्या हातीं सांपडले, तेव्हां कैदेंतून निसटून पोहत किल्ल्यावर परत आले, असेंहि सांगतात. हाताखालच्या तरुणानें आपल्या वरिष्ठास कैद करावें, ही गोष्ट शिस्तीची म्हणून आम्हां शिक्षकांस वर्गांत शिकवितां येणार नाहीं! परंतु वरिष्ठच जेव्हां किल्ला विकावयास निघतो, तेव्हां शिस्त कोणाच्या बाजूस असते, हा निर्णय त्या तरुणाला कोणास विचारून करितां येण्याजोगा नव्हता. १६९८ च्या सुमारास आरमाराचे प्रमुख सिधोजी गुजर वारल्यावर सरखेल हें पद कान्होजींकडे आलें. त्या वेळीं त्यांनीं तिशीहि ओलांडली नव्हती.

सरखेलांचें आरमार मोठ्या जहाजांचें नव्हतें. दोन-तीन डोलकाठ्यांच्या गुराबा आणि वल्ह्यांनीं चालणारीं हलकीं गलबतें, एवढेंच त्यांचें बळ. वारा पडला म्हणजे युरोपीय जहाज जागच्या जागीं खिळून राही. मग गलबतें गुराबांना दोरांनीं ओढीत त्याच्या पिछाडीस आणीत, कारण त्या बाजूस तोफा थोड्या असत. अवघड प्रसंग आलाच, तर उथळ खाडींत शिरावें. तेथें मोठें जहाज मागें येऊं शकत नसे. खलाशांत कोळी, भंडारी व मुसलमान होतेच, शिवाय कांहीं युरोपीय माणसेंहि कान्होजींनीं पदरीं ठेविलीं होतीं.

खरा वाद लढाईचा नव्हता, परवान्याचा होता. या समुद्रांत जाणाऱ्या देशी जहाजानें आपला परवाना घ्यावा, असा दंडक पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकापासून घातला होता. कान्होजींनीं तोच नियम आपल्या किनाऱ्यापुरता उलटा लावला : येथून जाणाऱ्यानें आमचें दस्तक घ्यावें, न घेतल्यास जहाज धरलें जाईल. पोर्तुगीजांनीं मागितला तर कायदा आणि कान्होजींनीं मागितलें तर चांचेगिरी, असा न्याय इंग्रजी ग्रंथकारांनीं पुष्कळ वर्षें चालविला. तो आम्हांस पटत नाहीं.

तथापि दुसरी बाजू झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. १७१२ सालीं मुंबईच्या गव्हर्नराची एक सशस्त्र नौका कान्होजींच्या आरमारानें पकडली. त्या झटापटींत चाउन नांवाचा कंपनीचा अधिकारी मारला गेला आणि त्याची तरुण पत्नी कैद झाली. तिनें अजून विशीहि गांठली नव्हती, आणि तिचें हें दुसरें वैधव्य होतें. कांहीं महिन्यांनीं, १७१३ च्या आरंभीं, तीस हजार रुपये घेऊन तिला सोडण्यांत आलें. त्या काळीं सर्वच दर्यावर्दी सत्ता कैद्यांचे पैसे घेत, हें खरें. पण नुकत्याच विधवा झालेल्या मुलीचें मोल ठरवावें, ही गोष्ट कोणत्याहि बाजूनें पाहिली तरी आमच्या मनाला सलते.

इकडे शाहू महाराज व ताराबाई यांच्या कलहांत कान्होजी ताराबाईंच्या पक्षास होते. शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे त्यांच्यावर चालून आले ते स्वतःच कैद झाले. तेव्हां मूळचे श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ यांस पाठविण्यांत आलें. त्यांनीं लढाई न करितां बोलणें केलें, आणि १७१४ सालीं तह होऊन कान्होजी शाहूंना मिळाले. मराठ्यांच्या इतिहासांत गोड बोलण्यानें इतकें मोठें काम क्वचितच झालें असेल.

यानंतर मुंबईचे गव्हर्नर बून यांनीं कान्होजींचा मोड करण्याचा चंग बांधला. १७१७ सालीं विजयदुर्गावर, १७१८ सालीं खांदेरीवर, १७२० सालीं पुन्हां विजयदुर्गावर स्वाऱ्या झाल्या. तिन्ही फुकट गेल्या. १७२१ च्या अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज एकत्र होऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर आले. इंग्लंडच्या राजाचीं चार जहाजें घेऊन कमोडोर मॅथ्यूज आला होता. परंतु दोस्तांत मेळ नव्हता, आणि बाजीराव पेशवे फौजेनिशीं कान्होजींच्या मदतीस धांवले. पोर्तुगीजांनीं १७२२ च्या जानेवारींत निराळा तह केला आणि इंग्रजांस हात हालवीत मुंबईस परतावें लागलें.

४ जुलै १७२९ रोजीं कान्होजी वारले. जें चौघां शत्रूंस साधलें नाहीं तें पुढें घरच्या भाऊबंदकीनें साधलें. मुलांत वांटण्या व वैर झालें. आणि १७५६ सालीं, पेशवे व इंग्रज एकत्र होऊन धाकट्या तुळाजीवर चालून गेले असतां, आंग्र्यांचें आरमार विजयदुर्गाच्या बंदरांत जळून खाक झालें. पेशव्यांनींच तें जाळविलें, असा आरोप मराठी इतिहासकार आजहि करितात, व तो खोडून काढणें कठीण आहे.

कान्होजींची समाधि अलिबागेस आहे. ज्या खांदेरी बेटावर १७१८ सालीं इंग्रजांच्या तोफा चालल्या, तेथें आतां दीपगृह असून मुंबईकडे येणाऱ्या जहाजांना रात्रीं वाट दाखविणाऱ्या त्या दीपास कान्होजी आंग्रे यांचेंच नांव दिलेलें आहे.