सर्वांच्या गळ्यातला सूर : वसंत देसाई

शाळेच्या प्रार्थनेला चाल कोणी लावली, हे शाळेत असताना आपण सहसा विचारीत नाही. रोज म्हणायची म्हणून ती म्हणतो. अशा कित्येक सकाळींमागे उभे असलेले संगीतकार म्हणजे वसंत देसाई. आम्हा परळकरांना त्यांच्याविषयी विशेष आपुलकी वाटावी, कारण त्यांची कारकीर्द बहरली ती इथल्याच राजकमल कलामंदिरात.

९ जून १९१२ रोजी आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सोनवडे येथे त्यांचा जन्म झाला. कोवळ्या वयात ते कोल्हापूरला ‘प्रभात’मध्ये दाखल झाले. पडेल ते काम केले, छोट्या भूमिका केल्या, आणि गोविंदराव टेंबे, मास्तर कृष्णराव, केशवराव भोळे यांच्या हाताखाली संगीत शिकले. व्ही. शांताराम यांनी १९४२ साली परळला ‘राजकमल’ उभारले, तेव्हा ‘शकुंतला’चे संगीत त्यांच्याकडे आले.

१९५५ च्या ‘झनक झनक पायल बाजे’चे शीर्षकगीत त्यांनी उस्ताद अमीरखाँसाहेबांकडून गाऊन घेतले. त्यानंतर दोनच वर्षांनी ‘दो आँखें बारह हाथ’मध्ये त्यांना कैद्यांसाठी प्रार्थना रचायची होती. ती त्यांनी भैरवीत बांधली आणि पुढे ती देशभरच्या शाळांत पोहोचली. १९७१ च्या ‘गुड्डी’त तर मियाँमल्हारातले गाणे आणि शाळेची प्रार्थना, दोन्ही त्यांचीच, दोन्ही वाणी जयराम यांच्या आवाजात.

मला यातली प्रार्थनाच अधिक अवघड वाटते. चित्रपटगीतासाठी संगीतकाराला गायक निवडता येतो. शाळेच्या रांगेत मात्र बेसूर मुलगा असतो, आवाज फुटू लागलेला असतो, लाजून नुसते ओठ हलवणारीही असते. कोणालाही वगळता येत नाही. चाल इतकी सोपी हवी की सर्वांना पेलावी, आणि इतकी सकस हवी की रोज म्हणूनही विटू नये.

हे काम देसाईंनी कमी प्रतीचे मानले नाही. १९६६ साली एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी संयुक्त राष्ट्रसंघात गायिलेल्या ‘मैत्रीं भजत’ची चाल त्यांचीच. तरीही ‘एक सूर, एक ताल’ या उपक्रमातून ते शाळकरी मुलांना समूहगायन शिकवीत राहिले.

२२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत लिफ्टच्या अपघातात त्यांचा अंत झाला. पुरस्कारांच्या यादीवरून कलावंताची थोरवी मोजण्याची आपल्याला सवय आहे. देसाईंच्या बाबतीत मात्र एखाद्या शाळेच्या फाटकाशी सकाळी प्रार्थनेच्या वेळी उभे राहावे, एवढे मला पुरेसे वाटते.