बेला बार्टोक
बेला बार्टोक (२५ मार्च, १८८१ – २६ सप्टेंबर, १९४५) हे हंगेरियन संगीतरचनाकार, पियानोवादक व लोकसंगीताचे संग्राहक होते. पियानोचे पहिले धडे त्यांना आईकडून मिळाले. झोल्तान कोडाय यांच्यासह फोनोग्राफ घेऊन ते खेडोपाडी हिंडले व शेतकऱ्यांची गाणी मेणाच्या नळ्यांवर मुद्रित केली. जिप्सी वादकांचे शहरी संगीत हेच हंगेरीचे लोकसंगीत, हा समज त्यामुळे खोटा ठरला. स्लोव्हाक व रुमानियन गाणीही त्यांनी तितक्याच आस्थेने जमवली. स्वदेशातील कडव्या राष्ट्रवाद्यांना हे रुचले नाही. नाझीविरोधामुळे १९४० साली ते अमेरिकेस गेले. तेथे आजारपणातच १९४३ मध्ये ‘कॉन्सर्टो फॉर ऑर्केस्ट्रा’ ही त्यांची सर्वाधिक लोकप्रिय रचना साकारली. तिसऱ्या पियानो कॉन्सर्टोच्या अखेरच्या १७ बारची वाद्ययोजना मात्र मृत्यूने अपुरी राहिली. ती त्यांचे स्नेही टिबोर शेर्ली यांनी पूर्ण केली.