अटी आधी, गुण नंतर

प्रोजेक्टच्या पहिल्या प्रेझेंटेशनला मी तीन डिझाईनचा तक्ता घेऊन गेलो होतो. किंमत, वजन, मजबुती असे रकाने आणि प्रत्येकाला दहापैकी गुण. सरांनी एवढंच विचारलं की, यातलं काय अजिबात चालणार नाही आणि काय थोडं कमी-जास्त चालेल? मी गप्प. उत्तर पुढे लायब्ररीत सापडलं, रॉबर्ट स्टीफन्सनच्या चरित्रात.

रॉबर्टचा जन्म 1803 सालचा, उत्तर इंग्लंडमधला. रेल्वेवाल्या जॉर्ज स्टीफन्सनचा हा एकुलता एक मुलगा. आई लहानपणीच गेली. वडिलांना स्वतःला शाळा मिळाली नव्हती, म्हणून त्यांनी मुलाला हट्टाने शिकवलं. 1829 साली रेनहिलला इंजिनांची स्पर्धा झाली. अटी आधीच जाहीर होत्या: वजन सहा टनांच्या आत, किंमत 550 पौंडांपर्यंत. एक इंजिन जास्त वेगवान होतं, पण ते मध्येच बंद पडलं. रॉबर्टच्या कारखान्यातलं 'रॉकेट' जिंकलं.

पुढे वेल्समधल्या मेनाई सामुद्रधुनीवर त्याला रेल्वेचा पूल बांधायचा होता. त्याने आधी कमानी सुचवल्या. आरमार खात्याने त्या नाकारल्या. उंच शिडांच्या जहाजांसाठी पाण्यावर सुमारे 100 फूट जागा सगळीकडे मोकळी हवी आणि बांधकामात खाली परांची नको, असं त्यांचं म्हणणं. झुलता पूल आगगाडीखाली हलणार. मग राहिली लोखंडी नळी, जिच्या पोटातून गाडी जाईल! गोल, लंबगोल, चौकोनी अशा नळ्यांचे नमुने फेअरबेर्न आणि हॉजकिन्सन यांनी मोडेपर्यंत तपासले. चौकोनी नळी सरस ठरली.

हे काम चालू असतानाच, मे 1847 मध्ये, त्याच मार्गावरचा त्याचा डी नदीवरचा पूल गाडीखाली मोडला. पाच माणसं गेली. गर्डर बिडाचे होते आणि बीड ताणाला कच्चं. मजबुतीला दहापैकी गुण देणारा माझा तक्ता इथे मला लाजिरवाणा वाटला. मजबुती हा रकाना नव्हेच, ती अट आहे.

मेनाईच्या मनोऱ्यांत आधाराच्या साखळ्यांसाठी भोकं ठेवली होती. चाचण्यांनी खात्री झाल्यावरच साखळ्या वगळल्या. 1850 साली पूल सुरू झाला. 1859 साली, वयाच्या 55व्या वर्षी, रॉबर्ट गेला. त्याला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये पुरलं.

खरी गंमत तर पुढेच आहे. 1970 साली आगीत त्या नळ्या वाकल्या. तोवर उंच शिडांची जहाजं राहिली नव्हती, म्हणजे अटही राहिली नव्हती. नवा पूल चक्क कमानींवर उभा राहिला!

मी तक्ता नव्याने केला. वर अटी लिहिल्या आणि प्रत्येकीसमोर ती कोणी, कशासाठी घातली तेही लिहिलं. तीनपैकी एक डिझाईन तिथेच गळलं. गुण फक्त उरलेल्या दोघांना दिले.