हजार किती जड असतो?

युरो येण्यापूर्वी, १९९०च्या दशकात, इटलीत हजार लिऱ्यांच्या नोटेवर एका वयस्कर बाईंचं चित्र असायचं. मागच्या बाजूला अभ्यासात गढलेली मुलं. त्या बाई म्हणजे डॉ. मारिया माँटेसरी. आपल्याकडे बालवाड्यांच्या पाट्यांवर हे नाव इतक्या ठिकाणी दिसतं की ते एका माणसाचं आडनाव आहे, याचाच विसर पडतो. बाहेर पाटी माँटेसरीची आणि आत साडेतीन वर्षांची मुलं वहीत एक ते शंभर उतरवून काढताहेत, हे दृश्यही नवं नाही. आकडा लिहायला देण्याआधी तो मुलाच्या हातात द्यायचा, हे ज्या बाईंनी जगाला दाखवलं, त्यांच्याच नावाखाली हे चालतं.

मारियाचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतल्या अँकोनाजवळच्या किआराव्हाले या गावी झाला. वडील सरकारी खात्यात अधिकारी. बदलीमुळे कुटुंब आधी फ्लॉरेन्सला आणि मग रोमला आलं. तेराव्या वर्षी मुलीने तांत्रिक शाळेत नाव घातलं. त्या काळी अशा शाळा मुलग्यांच्या मानल्या जात. तिला गणिताची गोडी होती आणि इंजिनीअर व्हायचं होतं. पुढे मन वैद्यकाकडे वळलं. वडिलांचा विरोध होता, आई पाठीशी उभी राहिली. रोमच्या विद्यापीठात शवविच्छेदनाला मुलग्यांबरोबर बसायची मुभा नव्हती. सगळे निघून गेल्यावर संध्याकाळी एकटीने ते काम करावं लागे. रसायनांचा आणि प्रेतांचा वास सहन व्हावा म्हणून ती तंबाखू ओढायला शिकली. १८९६ मध्ये ती डॉक्टर झाली. इटलीतल्या पहिल्यावहिल्या मोजक्या स्त्री डॉक्टरांपैकी एक.

लहान मुलांचं गणित त्यांच्या वाट्याला आलं ते एका वाकड्या वाटेने. विद्यापीठाच्या मनोरुग्ण विभागात काम करताना त्या रोमच्या वेड्यांच्या इस्पितळांत जात. तिथे मोठ्या रुग्णांबरोबरच मतिमंद म्हणून शिक्का बसलेली मुलं कोंडलेली असायची. खोली रिकामी, हाताळायला काही नाही. जेवण झाल्यावर ही मुलं जमिनीवर सांडलेल्या पावाच्या तुकड्यांशी खेळत. देखरेख करणाऱ्या बाईला त्यात हावरटपणा दिसे. डॉक्टरांना मात्र वेगळीच भूक दिसली. या मुलांच्या हातांना काहीतरी हवं होतं. मग त्यांनी इतार आणि सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांचं जुनं, जवळजवळ विसरलेलं काम शोधून काढलं. मंदबुद्धी मुलांना स्पर्शातून, हालचालीतून शिकवण्याचे प्रयोग त्यांनी केले होते. १९०० मध्ये रोममध्ये अशा मुलांसाठी शिक्षक तयार करणारी संस्था सुरू झाली, तिची जबाबदारी माँटेसरीबाईंकडे आली. सकाळी मुलांबरोबर काम, रात्री टिपणं आणि नवी साधनं. त्यातली काही मुलं सर्वसाधारण मुलांच्या परीक्षेला बसली आणि उत्तीर्ण झाली.

लोकांनी चमत्कार म्हणून कौतुक केलं. बाईंना त्यातून निराळाच प्रश्न पडला आणि माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोलाचा प्रश्न तोच. ही मुलं इथवर येतात, तर धडधाकट मुलं एवढ्यावरच का अडकतात? त्यांच्या शाळेत नेमकं काय बिघडलं आहे?

याच काळात त्यांच्या आयुष्यात एक गोष्ट घडली, ती त्यांनी अनेक वर्षं झाकून ठेवली. सहकारी डॉक्टर ज्युसेप्पे माँटेसानो यांच्यापासून त्यांना १८९८ मध्ये मुलगा झाला. लग्न झालेलं नव्हतं. हे उघड झालं असतं तर काम तिथेच संपलं असतं. मुलाला, मारिओला, खेड्यातल्या एका कुटुंबात ठेवलं. दुसऱ्यांच्या मुलांसाठी रात्री जागणारी आई स्वतःच्या मुलाला पाहुणीसारखी भेटायला जाई. माँटेसानोंनी पुढे दुसरीशी लग्न केलं आणि १९०१ मध्ये बाईंनी ती संस्था सोडली. मारिओ त्यांच्याकडे कायमचा राहायला आला, तेव्हा तो पौगंडावस्थेत होता.

६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत एका चाळवजा इमारतीत पहिलं बालगृह सुरू झालं. आईबाप कामावर गेले की मुलं जिने खराब करतात, भिंती रंगवतात, म्हणून घरमालकांना त्यांना सांभाळणारं कोणीतरी हवं होतं, एवढंच निमित्त. पन्नासेक मुलं आली, सहा-सात वर्षांच्या आतली. इथे बाईंना आपला प्रश्न तपासून पाहता आला. त्यांची पद्धत डॉक्टरची होती. आधी बघायचं, नोंद करायची, मुलं ज्या साधनाकडे पुन्हा पुन्हा जातात ते ठेवायचं, ज्याला हात लावत नाहीत ते काढून टाकायचं.

मोजणी त्यांनी सुरुवातीला नाण्यांवरून शिकवली, कारण सुटे पैसे मुलांच्या ओळखीचे होते. मग आल्या लाकडी दांड्या. एकूण दहा. पहिली दहा सेंटिमीटरची, शेवटची एक मीटरची, प्रत्येक दांडीवर दहा-दहा सेंटिमीटरचे लाल-निळे पट्टे. आठ खडे म्हणजे मुलाला आठ वेगवेगळ्या वस्तू दिसतात. आठाची दांडी मात्र एकच वस्तू असते आणि तिच्या अंगात आठ असतात. एकची दांडी चिमटीत मावते, दहाची धरायला दोन्ही हात पसरावे लागतात. मोठी संख्या म्हणजे काय, हे शरीराला आधी कळतं. नवाच्या दांडीला एक जोडली की दहाएवढी लांबी होते, आठाला दोन, साताला तीन, सहाला चार. पाच मात्र एकटी उरते. ती दोनदा ठेवली की दहा. बेरीज हा शब्द उच्चारण्याआधीच चार-पाच वर्षांचं मूल हे करून बसलेलं असतं.

शून्याचा पाठ मला सर्वांत आवडतो. लाकडी पेटीला दहा कप्पे, वर शून्यापासून नऊपर्यंत आकडे, सोबत बरोबर ४५ काड्या. एकाच्या कप्प्यात एक, दोनाच्या कप्प्यात दोन, असं करत नवापर्यंत गेलं की काड्या संपतात. एखादी उरली किंवा कमी पडली, तर चूक झाली हे मुलाला स्वतःलाच कळतं. बाईंना लाल शाईचं पेन काढावं लागत नाही. शून्याचा कप्पा रिकामा राहतो. पण रिकामं म्हणजे काय, हे मुलांना पटायला वेळ लागे. मग माँटेसरीबाई एखाद्या मुलाला सांगत, माझ्याकडे शून्य वेळा ये. मूल धावत येई. त्या समजावत, तू तर एकदा आलास, मी शून्य वेळा बोलावलं होतं. असं चार-सहा वेळा झालं की मुलं जागच्या जागी बसून हसत सुटत. दुसऱ्या खेळात प्रत्येकाने घडी घातलेली चिठ्ठी उचलायची, आतला आकडा कोणाला न दाखवता मनात ठेवायचा आणि टेबलावरून तेवढ्या वस्तू आणायच्या. ज्याला शून्य येई, त्याने सगळे उठत असताना रिकाम्या हातांनी बसून राहायचं. ते किती अवघड असतं, हे कुठल्याही बालवाडीच्या बाईंना विचारा.

पुढे मण्यांचं साहित्य आलं. एक सोनेरी मणी म्हणजे एकक. दहा मणी तारेत ओवले की दशकाची कांडी. दहा कांड्या जोडल्या की शंभराचा चौरस. असे दहा चौरस एकावर एक रचले की हजाराचा घन. मणी बोटाच्या टोकावर राहतो आणि हजाराचा घन उचलताना पाच वर्षांच्या मुलाला दोन्ही हात लागतात. हजार हा एकावर तीन शून्यं दिलेला आकडा न राहता त्याला वजन येतं. या मण्यांबरोबर आकड्यांची कार्डं असतात, वेगवेगळ्या रुंदीची. ३४२५ आणायचे म्हणजे तीन घन, चार चौरस, दोन कांड्या आणि पाच मणी तबकात भरून आणायचे. कार्डं ३०००, ४००, २० आणि ५ अशी. ती एकमेकांवर उजवी कड जुळवून ठेवली की शून्यं झाकली जातात आणि ३४२५ दिसतात. पुन्हा सुटी केली की आत लपलेले तीन हजार बाहेर येतात. स्थानिक किंमत या विषयावर इतकं सोपं स्पष्टीकरण मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

दोन मुलांनी आपापली तबकं एकत्र ओतली की बेरीज. सुट्या मण्यांचे दहा झाले की ते पेढीवर द्यायचे आणि बदल्यात एक कांडी घ्यायची. आपण शाळेत जो हातचा एक मुकाट्याने डोक्यावर मांडत आलो, तो हा. भागाकारात मुलं गोल बसतात आणि तबकातलं सारखं वाटून घेतात. उत्तर म्हणजे एकाच्या वाट्याला आलेला हिस्सा, हे वाटणीत बसलेल्याला सांगावं लागत नाही.

इथे थोडं मराठीबद्दल. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यांचं वाचन वीस एक, वीस दोन असं दिल्यावरून राज्यभर वाद झाला. विनोदही भरपूर झाले. अडचण मात्र खरी होती. आपण पंचवीस म्हणताना पाच आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. मुलाच्या कानाची आणि हाताची तिथे ओढाताण होते. भाषा बदलावी की नाही, यावर मतभेद राहणारच. पण ज्या मुलाने दोन कांड्या आणि पाच मणी समोर मांडले आहेत, त्याला पंचवीस म्हणा किंवा वीस पाच, गोंधळ बराच कमी होतो. त्या वादात हा मुद्दा फारसा कोणी मांडला नाही.

१९०९ मध्ये बाईंचं पुस्तक आलं आणि दोन-चार वर्षांत त्या जगप्रसिद्ध झाल्या. १९१३ मध्ये अमेरिकेत त्यांचं मोठं स्वागत झालं. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात काचेच्या भिंतींचा वर्ग उभारला आणि लोक बाहेरून मुलांचं काम बघत राहिले. पण १९१४ मध्येच शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी या पद्धतीवर टीकेचं पुस्तक लिहिलं होतं. साधनं ठरावीक, ती वापरायची रीत ठरावीक, मुलाच्या कल्पनेला वाव कुठे, असा त्यांचा सूर. अमेरिकेतली लाट ओसरली. टीकेत तथ्य होतं असं मला वाटतं. शिक्षकांचं प्रशिक्षण आणि साधनांची निर्मिती बाईंनी आपल्या मुठीत ठेवली होती. कोणी थोडा बदल केला तरी त्यांना रुचत नसे. त्यामुळे पद्धत शुद्ध राहिली, पण महागही राहिली.

मुसोलिनीच्या राजवटीने त्यांच्या शाळांना आधी आश्रय दिला आणि त्यांनी तो घेतला. हा हिशेब त्यांच्या नावावर राहीलच. १९३४ पर्यंत संबंध तुटले, इटलीतल्या शाळा बंद झाल्या आणि बाई देशाबाहेर पडल्या. त्याच वर्षी बार्सिलोनात त्यांची अंकगणितावर आणि भूमितीवर दोन मोठी पुस्तकं निघाली. दोन वर्षांत स्पेनमध्ये यादवी पेटली, तिथूनही निघावं लागलं.

१९३९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या मारिओसह मद्रासजवळच्या अड्यारला आल्या. काही महिन्यांचा बेत होता. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि ब्रिटिशांच्या लेखी दोघंही शत्रूराष्ट्राचे नागरिक ठरले. मारिओंना अहमदनगरच्या (आताचं अहिल्यानगर) छावणीत स्थानबद्ध केलं. बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी, ३१ ऑगस्टला, सरकारने त्यांची सुटका केली. इतकी वर्षं जगाला पुतण्या किंवा दत्तक म्हणून सांगितलेला मुलगा आईकडे परत आला. पुढची वर्षं कोडाईकनालला गेली. तिथे दोघांनी मोठ्या मुलांसाठीचं साहित्य वाढवलं.

त्यांच्या एका पेटीत रंगीत ठोकळ्यांचे आठ तुकडे असतात. चार वर्षांचं मूल रंग जुळवत त्यांचा घन रचतं. तेच मूल बाराव्या-तेराव्या वर्षी दोन संख्यांच्या बेरजेचा घन सोडवायला बसतं, तेव्हा त्यातली आठ पदं म्हणजे तेच आठ तुकडे असतात. एक लाल घन, एक निळा घन आणि तीन-तीनच्या दोन जोड्या. बीजगणितातला तो तीन कुठून आला, हे त्याच्या हातांनी केव्हाच पाहिलेलं असतं.

महागड्या साधनांच्या प्रश्नाला उत्तर शोधलं ते आपल्याकडच्या माणसांनी. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्येच नूतन बाल शिक्षण संघ काढला होता. १९४५ पासून ताराबाईंनी आणि त्यांच्याबरोबर अनुताई वाघांनी बोर्डीला आणि नंतर कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. तिथे बिया, खडे, शंख-शिंपले, जे अंगणात मिळेल ते मोजायला घेतलं. माँटेसरीबाईंच्या काटेकोर नजरेला ते कितपत चाललं असतं, शंकाच आहे.

पद्धतीचा उपयोग किती, याची तपासणी पुढे होत राहिली. अमेरिकेतल्या मिलवॉकीत चिठ्ठ्या टाकून प्रवेश मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांची तुलना २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आली. पाच वर्षांची माँटेसरी शाळेतली मुलं वाचनात आणि गणिती कोड्यांत पुढे होती. बारा वर्षांच्या मुलांच्या गणितात तसा फरक दिसला नाही. साधनं जादूची नाहीत, हे यातून दिसतंच. पण शाळेच्या पहिल्या वर्षी मूल आकड्याला भिऊन मागे सरकतं की पुढे हात करतं, याला आईबापांच्या लेखी काही कमी किंमत नाही.

भारतातून त्या १९४६ मध्ये युरोपला गेल्या, पुन्हा आल्या, १९४९ पर्यंत इथे वर्ग घेत राहिल्या. मग हॉलंडमध्ये स्थिरावल्या. मे १९५२ मध्ये, वयाच्या ८१व्या वर्षी, आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टला, म्हणजे आताच्या घानाला, शिक्षक तयार करायला जावं का, याची चर्चा चालू होती. प्रकृती साथ देणार नाही, असं मारिओंना वाटत होतं. ६ मे रोजी नोर्डवाइक या समुद्रकाठच्या गावी त्यांचं निधन झालं. शेवटच्या दिवशीही विषय त्याच प्रवासाचा होता.