नगरच्या किल्ल्यातले कोल्हापूरचे महाराज

राजर्षी शाहू दत्तक गेले ते कोणाला, असे कोल्हापुरातल्या शाळकरी मुलाला विचारले, तर तो बहुधा घुटमळेल. उत्तर आहे, चौथे शिवाजी महाराज. अवघे वीस वर्षांचे आयुष्य, आणि त्यातली अखेरची वर्षे आजारपणात, पहाऱ्यात गेली. त्यांच्या नावाने रडावे की रागवावे, हे कोल्हापूरकरांना शंभर वर्षे ठरवता आलेले नाही.

५ एप्रिल १८६३चा त्यांचा जन्म. मूळचे नाव नारायणराव. १८७० साली दुसरे राजाराम महाराज विलायतेहून परतताना इटलीत फ्लॉरेन्स येथे वारले, तेही विशीतच. मागे मुलगा नव्हता. पुढच्या वर्षी भोसले घराण्यातल्याच या आठ वर्षांच्या मुलाला दत्तक घेऊन गादीवर बसवण्यात आले. मग शिक्षक, पालक-अधिकारी, ब्रिटिश युवराजाच्या भेटीसाठी मुंबई, १८७७चा दिल्ली दरबार आणि तिथला किताब. चौदा वर्षांच्या पोराला सवंगडी किती होते, याची नोंद मात्र कागदोपत्री सापडणे कठीण.

त्यानंतर त्यांचे मन बिघडल्याची कुजबुज सुरू झाली. सरकारी मत, महाराज भ्रमिष्ट झाले. गावातले मत, त्यांना भ्रमिष्ट ठरवले जात आहे, छळ चालला आहे. या वादाचे बोट दिवाण माधवराव बर्वे यांच्याकडे दाखवले गेले. पुण्यात ‘केसरी’ आणि ‘मराठा’ नुकतेच निघाले होते. त्यांनी महाराजांची बाजू हिरिरीने घेतली, बर्व्यांची म्हणून काही पत्रे छापली. ती पत्रे बनावट ठरली आणि जुलै १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगातले ते एकशे एक दिवस सर्वांना ठाऊक आहेत. गंमत पाहा, ज्यांच्यासाठी हे दोघे तुरुंगात गेले, ते महाराज आपल्या आठवणीत त्या गोष्टीतले एक दुय्यम पात्र होऊन राहिले.

कारभार रीजंट म्हणून कागलचे जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे यांच्याकडे आला आणि महाराजांना अखेर कोल्हापुरापासून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर, अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात ठेवण्यात आले. पंचगंगा नाही, अंबाबाईचा चौघडा नाही, घरचे माणूस जवळ नाही. सेवेला आणि पहाऱ्याला ग्रीन नावाचा गोरा शिपाई. आजाऱ्याला सांभाळायला शिपाई ठेवला, यातच त्या काळची समजूत दिसते. वेड हा आवरायचा प्रकार होता, बरा करायचा नव्हे.

२५ डिसेंबर १८८३, नाताळचा दिवस. महाराज आणि ग्रीन यांच्यात झटापट झाली आणि त्यात महाराज गेले. मरणाचे कारण निघाले ते पाणथरी फुटल्याचे. महाराज अंगावर धावून आले आणि ग्रीनने त्यांना आवरले, असा सरकारी पक्ष. लोकांनी त्याला सरळ खून म्हटले.

आज डॉक्टर सांगतील की वारंवारच्या हिवतापाने पाणथरी सुजते आणि सुजलेली पाणथरी बेताच्या धक्क्यानेही फुटू शकते. महाराजांच्या बाबतीत तसेच होते असा दावा मी करणार नाही. पण एक विचार मनातून जात नाही. वर्षानुवर्षे सारा वाद चालला तो त्यांच्या डोक्याचा. वेडे की शहाणे? एका बाजूला वेडे ठरवायची घाई, दुसरीला शहाणे ठरवायची. समजा ते खरोखर आजारी असते, तरी त्यांना घरच्यांची, मायेने नाडी धरणाऱ्या वैद्याची गरज कमी झाली असती का? ‘केसरी’नेही छळाविरुद्ध लिहिले, पण जनतेच्या तोंडी प्रश्न राहिला तो वेडाचाच. शरीर कोणाच्या लक्षात आले, ते शवचिकित्सेच्या वेळी.

महाराजांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १८८६ साली, रत्नागिरीला मनोरुग्णालय निघाले. आंबा घाट उतरून आपल्या माणसाला तिथे नेलेली घरे कोल्हापूर जिल्ह्यात आजही आहेत. अशा घरातली आई सांगते की मुलाच्या छातीत दुखते म्हणाले, तर लोक आधी त्याच्या डोक्याच्या गोळ्या विचारतात. मनाची फाईल एकीकडे, साखरेची आणि रक्तदाबाची दुसरीकडे, आणि दोन्ही पिशवीत घालून फिरणारी ती एकटी. गंभीर मनोविकार असलेली माणसे इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षे आधी जातात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यातली बरीचशी जातात ती हृदयविकारासारख्या शरीराच्याच दुखण्यांनी. मनोरुग्णाला इतर रुग्णांच्या बरोबरीने उपचार मिळाले पाहिजेत, हे २०१७च्या कायद्याने लिहून दिले आहे. गल्लीतला जुना डॉक्टर, जो एकाच बैठकीत झोप विचारतो, पाय सुजलेत का बघतो आणि घरचे काय म्हणतात तेही ऐकतो, तो ज्याला लाभला त्याचे नशीब.

महाराणी आनंदीबाईंनी १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटग्यांचा नऊ वर्षांचा यशवंत दत्तक घेतला. गादीला वारस मिळाला, मिरवणूक निघाली. नवऱ्याला जाऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते.