वेरियर एल्विन : धर्म द्यायला आलेला पाहुणा

पाहुणे आले की आम्ही त्यांना सिल्वासाच्या आदिवासी संग्रहालयात नेतो. मुखवटे, वाद्ये, मासे धरायची साधने सगळ्यांना आवडतात. गेल्या खेपेस आमच्या नातीने विचारले की, हे लोक तर इथेच राहतात, मग त्यांच्या वस्तू काचेआड कशाला? त्या वेळी आम्हाला वेरियर एल्विन आठवले.

एल्विन यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०२ रोजी इंग्लंडमधील डोव्हर येथे झाला. वडील सिएरा लिओनचे बिशप होते. ऑक्सफर्डचे शिक्षण संपवून १९२७ मध्ये ते पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात मिशनरी म्हणून आले. साबरमतीला गांधीजींच्या सहवासात आल्यावर ते स्वातंत्र्य चळवळीच्या बाजूने उभे राहिले. १९३२ मध्ये पुण्यातले मराठी सहकारी शामराव हिवाळे यांना घेऊन ते मंडला जिल्ह्यातील करंजिया या गोंडांच्या गावी राहायला गेले.

तिथे दोघांनी शाळा आणि दवाखाना काढला, कुष्ठरोग्यांची सेवा केली. पण गोंडांना ख्रिस्ती करायचे नाही, असे एल्विन यांनी ठरवले होते. नागपूरच्या बिशपांना हे मान्य होणे शक्य नव्हते. अखेर १९३५ मध्ये त्यांनी चर्च सोडले.

मिशनऱ्यांनी आदिवासींना शाळा आणि औषधे दिली, कित्येक बोलींना लिपी दिली, हे उपकार मोठेच. पण त्याबरोबर बरेच काही गेलेही. नागा टेकड्यांत बाप्टिस्ट मिशनने तांदळाची दारू, जुने सण आणि तरुणांची मोरुंग नावाची सामायिक घरे यांना विरोध केला. गाणी आणि पूर्वजांच्या कथा मुले त्या घरांतच शिकत. घर बंद पडले की पुढची पिढी त्यांना मुकली. एल्विन यांना हेच खुपत होते. आदिवासींच्या नाचगाण्यांची लाज वाटणाऱ्या हिंदू सुधारकांवरही त्यांनी तितकीच टीका केली.

१९३९ मध्ये बैगांवर आणि १९४७ मध्ये मुरियांच्या घोटुलवर त्यांचे मोठे ग्रंथ आले. मुंबईचे प्राध्यापक गो. स. घुर्ये यांना मात्र आदिवासींना वेगळे ठेवण्याचा विचार पटला नाही. १९४३ मध्ये त्यांनी आपल्या ग्रंथात त्याचा कडक समाचार घेतला. एल्विन यांचे खासगी आयुष्यही निष्कलंक नव्हते. कोसी या गोंड मुलीशी १९४० मध्ये केलेले लग्न १९४९ मध्ये मोडले, आणि त्याची झळ तिलाच अधिक बसली.

१९५४ मध्ये, म्हणजे आपली दादरा नगर हवेली मुक्त झाली त्याच वर्षी, एल्विन ईशान्य सीमाभागाच्या प्रशासनाचे आदिवासीविषयक सल्लागार झाले. रस्ते, दवाखाने हवेतच, पण लोकांना स्वतःची लाज वाटेल असे काही करू नये, हा त्यांचा आग्रह पंडित नेहरूंनी उचलून धरला. १९६१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि २२ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

आम्ही हे लिहितो ते मिशनऱ्यांना दोष देण्यासाठी नाही. २०११ च्या जनगणनेत दादरा नगर हवेलीतले निम्म्याहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे होते. त्यांच्यात येऊन आपण कारखाने चालवले, बँकेच्या शाखा उघडल्या, घरे बांधली. आपण कोणाचा धर्म बदलला नाही. तरी आपल्या येण्याने त्यांचे जगणे बदललेच. आम्ही स्वतः कर्जाच्या अर्जांवर कितीतरी वारली खातेदारांचे अंगठे घेतले, पण त्यांच्या घरच्या सणाची चौकशी कधी केली नाही.

कार्यक्रमाच्या पत्रिकेवर वारली चित्र आपण हौसेने छापतो. लग्नाच्या वेळी भिंतीवर तो चौक कोण लिहिते, त्यातली पालघट देवी कोण, हे शेजारच्या वारली कुटुंबाला आपल्यापैकी किती जणांनी विचारले आहे? नातीला उत्तर देण्याआधी आम्ही आता तेच विचारायला जाणार आहोत.